खालच्या ओळीतला खिळा

४ फेब्रुवारी

मावशी,

तुझ्या कानांनी फोनशी काडीमोड घेतला आणि माझ्यावर पत्र लिहायची वेळ आली. शाळेतल्या निबंधानंतर इतकं पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

तू विचारलंस, धंदा कसा चाललाय. अगं, चाललाय कसला, पळतोय, आणि मी त्याच्या मागे धापा टाकतेय. दादा गेल्यावर वहिनीने मागच्या खोलीत एकटीने बूट करायला घेतले आणि मी नोकरी सोडून तिच्या शेजारी जाऊन बसले, तेव्हा तूच म्हणाली होतीस, दोघी वेड्या आहात म्हणून. आता रस्त्यावर दुकान आहे, मागे कारखाना आहे, शिलाईला चार बायका आहेत. बाजारातल्या बुटांत ज्यांचे पाय मावत नाहीत ते सगळे आमच्याकडे येतात. कोणाचा एक पाय आखूड, कोणाचा सुजलेला, कोणाच्या तळव्याला बरी न होणारी जखम. वहिनी पायाचा ठसा घेते, त्यावरून साचा कोरते आणि साच्यावर चामडं ताणून बसवते. ते ताणणं तिच्याशिवाय कोणाला जमत नाही. मी पाहिलंय करून, माझे बूट पोत्यासारखे होतात. बाकी गिऱ्हाईक, फोन, माल, भांडणं हे सगळं माझ्या गळ्यात.

आणि मावशी, सगळंच तातडीचं! घाईच्या कामाला लाल दोरा बांधायचा अशी आमची पद्धत. परवा मांडणीकडे बघते तर झाडून सगळ्या बुटांना लाल दोरे. एका जोडाला दोन, कारण तो माणूस दोनदा ओरडून गेला होता. म्हाताऱ्यांच्या साध्या चपलांची मोठी ऑर्डर देणारा एक दुकानदार आहे, त्याला आम्ही टणटण म्हणतो. त्याचा फोन आला की हातातलं टाकून त्याच्या चपला पुढे घ्यायच्या. मग दुसरा ओरडतो. मग त्याचं पुढे. संध्याकाळी बघावं तर दहा कामं अर्धवट आणि एकही पुरं नाही. एक ना धड भाराभर चिंध्या.

तू इतकी वर्षं हॉस्पिटलात अपघात विभागात काढलीस. तिथे तर सगळेच ओरडत येत असतील. तू कसं ठरवायचीस, आधी कोण? मला शिकव. खरंच शिकव, नाहीतर मी वेडी होईन.

वहिनी बरी आहे. चामडं ओढायची पकड हल्ली तिच्या हातून सारखी निसटते. काल साचा पडला, तो नेमका माझ्या पायावर. मी म्हटलं, आता माझ्याच मापाचा बूट कर. खूप हसली.

तुझी भिंगरी

•

११ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं नाव आम्ही ठेवलं ते काही उगीच नाही. पत्रसुद्धा गरागरा फिरतं तुझं.

ऐक. आमच्याकडे नवीन पोरगी कामाला आली की पहिल्याच दिवशी चूक करायची. जो जास्त बोंबलतो त्याच्याकडे धावायची. मी तिचा दंड धरून सांगायची, अगं, बोंबलतोय म्हणजे छाती भरून श्वास घेतोय. त्याच्या शेजारी जो गप पडलाय, त्याला बघ आधी. मग बोंबलणाऱ्याकडे जा, त्यालाही लागलेलंच असतं.

आम्ही प्रत्येकाला एकच प्रश्न लावायचो. ह्याला आत्ता थांबवलं तर कायमचं काय बिघडेल? कुरकुर, शिव्या, तक्रार हे सगळं नंतर निस्तरता येतं. गेलेला पाय परत येत नाही. तुझ्या धंद्यालाही हाच प्रश्न लाव. तो लाल दोरा आधी चुलीत घाल. सगळंच लाल असेल तर लालचा उपयोग काय?

भिंतीवर एक फळी ठोक, तिच्यावर खिळ्यांच्या तीन ओळी. प्रत्येक कामाची चिठ्ठी करायची आणि सकाळी एकदाच लावायची. वरच्या ओळीत, थांबलं तर कायमचं बिघडेल. मधल्या ओळीत, थांबलं तर कुरकुर होईल. खालच्या ओळीत, थांबलं तरी चालेल. वरची ओळ संपल्याशिवाय खाली हात लावायचा नाही, मग फोनवर तुझा टणटण असो नाहीतर त्याचा बाप.

आता दुसरं, आणि हे पहिल्यापेक्षा महत्त्वाचं. तुझ्या वहिनीच्या हातून वस्तू पडतायत हे तू शेवटी, हसत हसत लिहिलंस. मला हसू आलं नाही. तिला विचार, अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात का? झोपेतून उठून हात झटकावा लागतो का? तिला डोळे मिटून टेबलावरचं बटण उचलायला सांग. आणि अंगठ्याखालचा उंचवटा बघ, दुसऱ्या हाताशी ताडून. सपाट झाला असेल तर मनगटात शीर दबतेय. वेळेवर सोडवली तर हात नीट राहतो. फार दबून राहिली तर स्नायू वाळतो, मग डॉक्टरलाही काही करता येत नाही. ज्या हातावर तुमचं दुकान उभं आहे तो हात आहे हा. दुकान मरो, तिचा हात आहे.

लगेच दाखव.

मावशी

•

२ मार्च

मावशी, माझी गुणाची मावशी,

तुझ्या तोंडात साखर पडो! फळी झाली. सुताराने खिळे जरा तिरके ठोकलेत, पण काम फक्कड चाललंय. पहिल्या दिवशी चिठ्ठ्या लावताना आम्हा सगळ्यांचीच भंबेरी उडाली. ज्यांच्या नावाने आम्ही रोज जीव टाकत होतो त्यातले निम्मे सरळ खालच्या ओळीत गेले. टणटणच्या चपला मधल्या. मी त्याला फोनवर सांगितलं, तुमचं काम गुरुवारी, त्याआधी फोन केलात तरी गुरुवारीच. तो बराच वेळ बडबडला आणि शेवटी म्हणाला, बरं, गुरुवार. इतकंच! एवढ्यासाठी मी इतके दिवस घाबरत होते.

आणि तू म्हणालीस तसं गप माणूस शोधला. कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा आहेत. तळव्याला जखम आहे, साखरेचा आजार. त्यांचा घेतलेला ठसा केव्हाचा पडून होता, कारण त्यांनी कधी विचारलंच नाही. मी चौकशीला गेले तर पायाला फडकं गुंडाळून कामाला बसलेले. मला म्हणतात, तुम्ही कामात असाल म्हणून आलो नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं गं. वहिनीने सगळं बाजूला ठेवून त्यांचा बूट केला. त्यांच्या डॉक्टरीणबाईंनी निरोप पाठवला, अगदी वेळेत झालं. मी त्या दिवशी दुकानात नाचलेच.

वहिनीचं म्हणशील तर तू सांगितलेली बटणाची परीक्षा घेतली. उचललं तिने, पण जरा चाचपडत. उंचवटा सपाट झालाय की नाही मला नीट कळलं नाही, ती हात चटकन मागे घेते. बधिर होतात बोटं, पण म्हणाली, चामडं ताणणाऱ्या सगळ्यांचीच होतात. तरी मी हॉस्पिटलात नंबर लावलाय, पुढच्याच आठवड्यातला. त्या नंबरचं कार्ड फळीवर वरच्या ओळीत लावलंय, सगळ्यांच्या आधी. झालं समाधान?

भिंगरी

•

१६ मार्च

भिंगरे,

घड्याळवाल्यांचं वाचून बरं वाटलं. छान केलंस.

पुढचा आठवडा आला नि गेला. डॉक्टर काय म्हणाले? दोन ओळी लिही. मी पोस्टमनची वाट बघतेय, आणि त्याला वाटतंय म्हातारी त्याच्या प्रेमात पडली.

मावशी

•

२२ एप्रिल

मावशी,

उत्तराला उशीर झाला, माहीत आहे. तुझं दुसरं पत्रही मिळालं, आणि तिसरंही. रागावू नकोस. श्वास घ्यायला फुरसत नाही.

फळीचा बोलबाला झाला. वेळेवर काम देतात म्हणून मुलांच्या हॉस्पिटलाने आपण होऊन आम्हाला बोलावलं. वाकड्या पायांच्या लहान मुलांचे बूट. त्यांची हाडं वाढतायत, बूट वेळेत मिळाला नाही तर पाय तसाच वाढणार. म्हणजे एकूण एक चिठ्ठी वरच्या ओळीत! आता तूच सांग, यातलं खाली काय लावू? मी तीन वेळा विचार करते आणि तीनही वेळा तेच उत्तर येतं. एका मुलीची आई वहिनीचे हात हातात घेऊन रडली. अशा वेळी काय म्हणायचं, थांबा, आम्हाला डॉक्टरकडे जायचंय?

वहिनीचा नंबर तेव्हा हुकला. मग दुसरा घेतला, त्याच दिवशी मुलांची मापं आली. आता पुढच्या महिन्यात बघू. ती स्वतःच म्हणते, मला काही घाई नाही, पोरांचं होऊ दे. मनगटाला पट्टा बांधून काम करते. पकड हातात राहावी म्हणून दांड्याला फडकं गुंडाळलंय तिने, चांगली युक्ती आहे. तिचं तिला कळत नाही का? मोठी आहे ती माझ्याहून.

खरं सांगू? तुझं प्रत्येक पत्र आता मी रात्रीपर्यंत न उघडता ठेवते. तू लांब बसून विचारतेस, दाखवलं का, दाखवलं का. इथे एकेक दिवस कसा ढकलते ते माझं मला माहीत. सारखं टोचू नकोस गं.

भिंगरी

•

२९ एप्रिल

भिंगरी,

टोचते. टोचणारच. जन्मभर लोकांना सुया टोचल्या, आता कोणाला टोचू?

तू लिहिलंस, ती स्वतःच म्हणते घाई नाही. माझ्या नोकरीतली एक बाई सांगते तुला. बसच्या अपघातातली. बाकावर ताठ बसली होती, पदर नीट घेतलेला. मी तिच्याकडे गेले की म्हणायची, माझं राहू द्या सिस्टर, त्या पोराला बघा आधी. फार समंजस वाटली मला. मी पोराला बघितलं, मग त्याच्या बापाला. परत आले तर ती भिंतीला टेकली होती, आणि आम्ही तिला वाचवू शकलो नाही. पोटात रक्तस्राव होता. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला. रांग रुग्णाला विचारून लावायची नाही. जो स्वतःहून मागे सरकतो त्याचा हात धरून पुढे आणायचा, त्याला आवडो न आवडो.

दांड्याला फडकं गुंडाळलं ही युक्ती नाही भिंगरे. तिच्या बोटांत ताकद उरलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्या मुलांसाठी म्हणतेस? उद्या तो हात गेला तर त्या मुलांचे बूट कोण ताणणार, तू? पोत्यासारखे?

आणि ते सगळं सोडून दे. हात कामाचा नसता तरी तिचाच होता ना? तिचं विचारणारा तुझा दादा आज नाही. तूच आहेस.

उद्या सकाळी दुकानाला कुलूप लाव आणि तिला घेऊन जा. मी हात जोडते.

मावशी

•

१७ जून

मावशी,

काय लिहू. चार वेळा कागद फाडला.

तुझ्या पत्रानंतरही मी कुलूप लावलं नाही. म्हटलं, ह्या मुलांची ही खेप जाऊ दे. मग मे संपता संपता एका सकाळी वहिनी कारखान्यात आली आणि नुसतीच उभी राहिली. मी म्हटलं, बस ना. ती म्हणाली, भिंगरी, माझ्या झग्याची मागची बटणं लावतेस का? कामावर तो ती घालते ना, जाडा झगा, चामड्याचे डाग पडू नयेत म्हणून. इतक्या वर्षांत तिने कधी कोणाला पाण्याचा पेला भरून मागितला नाही. मी बटणं लावली. तिने पकड उचलली, चामडं धरलं, ओढलं आणि पकड गळून पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. शिलाईच्या बायका हातातलं थांबवून बघत होत्या. तिने पकड डाव्या हातात घेतली, ती जागेवर नेऊन टांगली आणि म्हणाली, आज जरा जमत नाहीये.

त्या दिवशी कुलूप लावलं. त्याच दिवशी नेलं. मावशी, जायला लागली ती एक सकाळ! एवढंच काम होतं ते, एका सकाळचं.

ऑपरेशन झालं. शीर मोकळी केली. दुखणं गेलं, झोप लागते, बोटांत थोडं कळू लागलंय. पण अंगठ्याखालचा स्नायू वाळलाय. डॉक्टर म्हणाले, थंडीतच आला असतात तर हात वाचला असता. आता चमचा धरता येईल, लिहिता येईल कदाचित. पकड नाही. मी त्यांना परत विचारलं, व्यायामाने? मालिशने? ते म्हणाले, आशा ठेवा, पण तिच्यावर धंदा उभा करू नका.

आता ऐक. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

तिचं कार्ड मी वरच्या ओळीत लावलं होतं, हे खरं. पण सकाळी वहिनी माझ्या आधी येते, कुलूप तीच उघडते. मी आले की कार्ड खालच्या ओळीत असायचं, अगदी कडेच्या खिळ्याला, आणि त्याच्या जागी कोणत्यातरी पोराची चिठ्ठी. पहिल्यांदा मी परत वर लावलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा पाहिलं आणि राहू दिलं. मनात म्हटलं, तिचीच इच्छा आहे. खरं कारण सांगू? ते कार्ड खाली असलं की माझा दिवस सुटसुटीत जायचा. रोज त्या फळीसमोर उभी राहून मी चिठ्ठ्या वाचायचे आणि खालच्या कडेला नजर जाऊ द्यायची नाही. तुला लिहिलं, ती म्हणते घाई नाही. मी बघत होते हे लिहिलं नाही.

टणटणला सुद्धा मी गुरुवार दिला गं. हिला एक वार देता आला नाही.

ती मला एक शब्द बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

भिंगरी

•

२३ जून

भिंगरे, बाळा,

तुझं पत्र वाचून डोळे पुसले आणि मग तुला चार शिव्या दिल्या. दोन्ही मनापासून.

तुझी चूक नाही असं मी म्हणणार नाही. चूक आहे आणि तिची किंमत दुसऱ्याने मोजली, हे तुला आता बाळगावं लागेल. पण एकटीने बाळगू नकोस. माझाही वाटा आहे त्यात. फेब्रुवारीत तुझं पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं काय झालंय ते. जन्मभर मी हेच ओळखत आले. आणि केलं काय? पत्रं लिहिली. इथून तिथे यायला एक दिवसाचा प्रवास. पण माझी गुडघेदुखी होती, कुंड्यांना पाणी कोण घालणार होतं, शेजारीण म्हणाली ऊन फार आहे. उंटावरून शेळ्या हाकत बसले. तिचा दंड धरून न्यायला मीच यायला हवं होतं. मी पण तिला खालच्या ओळीतच टांगलं की.

मुलांच्या हॉस्पिटलाला खरं ते सांग. कोणी दुसरा कारागीर असेल तर त्यांचे ठसे त्याला दे, स्वतःकडे धरून ठेवू नकोस. दुकान लहान झालं तर होऊ दे.

आणि वहिनीला विचार, तुला काय हवंय. ती म्हणेल, काही नको. तरी विचार. परत विचार. उत्तर येईपर्यंत शेजारी बसून राहा, आणि त्या वेळी फोन वाजला तर वाजू दे.

मी येतेय. कुंड्या शेजारणीला दिल्या. तू तिला आत्ताच सांगू नकोस, नाहीतर ती मला थांबवेल. तरी न राहवून सांगशीलच, तुझ्या पोटात काही राहत नाही.

मावशी

•

३० जून

ती. मावशींना नमस्कार.

भिंगरीने सांगितलं. तुम्ही म्हणालात तसंच झालं.

अक्षर डाव्या हाताचं आहे, हसू नका. एकेका ओळीला घाम फुटतो.

ती रोज येऊन शेजारी बसते आणि विचारते, काय हवंय. मी म्हणते काही नको. ती उठत नाही. काल दुपारी फोन वाजत राहिला, तरी उठली नाही. मग मी म्हटलं, वेणी घालून दे. तिने घातली. इतकी वाकडी घातली की आरशात बघून आम्ही दोघी हसलो आणि मग ती रडायला लागली. मला रडू आलं नाही. नंतर आलं, एकटीला.

कार्ड मीच खाली लावत होते, हे तिने तुम्हाला लिहिलं. का लावत होते ते तिला माहीत नाही. तुम्हाला सांगते. मला हाताचं केव्हाच कळलं होतं, तुमच्या बटणाच्या आधी. डॉक्टर म्हणतील काम बंद, म्हणून मी जात नव्हते. हे गेले, मूल नाही. ह्या घरात माझी जागा होती ती ह्या हातामुळे, असं मला वाटायचं. हात थांबला तर मी कोण, हे मला कोणाला विचारायचं नव्हतं. पोरांच्या चिठ्ठ्या वर लावल्या की मोठं पुण्याचं काम केल्यासारखं वाटायचं, आणि भीती दिवसभरापुरती झाकली जायची. भिंगरीने बघितलं आणि गप्प बसली, याचा मला राग आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे.

शिलाईतली एक बाई चामडं ओढून बघते. मी शेजारी बसून सांगते, इथे जोर, इथे सैल. फार वाईट ओढते. सांगताना माझा हात आपोआप पुढे जातो आणि तसाच राहतो.

वर सुरुवातीला तीन ओळी खोडलेल्या दिसतील. तिथे लिहिलं होतं की इकडे सगळं ठीक आहे, एवढा प्रवास कशाला, तुमचे गुडघे दुखतात, मला काही घाई नाही. सवयीने लिहून गेले. मग वाचलं आणि खोडलं.

मावशी, या. लवकर या.